आजोबांची बॅटरी

ईशान, मुक्ता — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या तुमच्या आजोबांनाही नाही.

परवाच्या व्हिडिओ कॉलमुळे आज लिहायला बसले. ईशान, तू म्हणालास, छोटा सेकंडहँड ट्रेलर घेतोय, जिथे वीज नाही अशा ठिकाणी मुक्काम करायचाय, तर बॅटरी कुठली घेऊ — शिशाची की लिथियमची? त्यावर तुझा बाबा मागून ओरडला, "आजोबांना सोडून कुणालाही विचार रे!" तुम्ही हसलात. आजोबाही हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला स्वतःचा असा काही वैताग आला, की दूध उतू जाईल असं सांगून मी उठले. गॅसवर दूध नव्हतंच.

तुमच्या घरात फोन बंद पडो, गाडी बंद पडो, "आजोबांची बॅटरी झाली" असं म्हणतात. मुक्ता तर हे तिच्या तिथल्या मैत्रिणींनाही शिकवून बसली आहे. किती वर्षं ऐकतेय मी हे? आणि किती वर्षं गप्प आहे?

आपला ट्रेलर तुम्हाला थोडाफार आठवत असेल. मुलुंडला आमच्या सोसायटीत जांभळाखाली उभा असायचा. पांढरा, गाडीमागे जोडून न्यायचा, दोन चाकांचा, आत एक पलंग, एक ओटा आणि आजोबांचा सगळा जीव. आमचे सेक्रेटरी दर मीटिंगला विचारायचे, "साहेब, हे वाहन म्हणायचं की खोली? मेंटेनन्स कशाचा लावू?" निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, देवदर्शनाला जातात. आजोबांनी बॅटरी निवडायला घेतली.

आणि निवडणं म्हणजे काय — महिनेच्या महिने! जेवणाच्या टेबलावर आमटीच्या भांड्याखाली कॅटलॉग. शेजारच्या बारशाला गेलो तर तिथेही पाळण्याशेजारी उभे राहून बाळाच्या आजोबांशी बॅटरी. मला बघायला आले होते तेव्हा हातातला चहा संपायच्या आत होकार देऊन मोकळा झालेला हा माणूस! लिथियमची हलकी, पण तेव्हा इकडे धड मिळत नव्हती. शिशाची मिळते, पण धोंड्यासारखी जड, वेळच्या वेळी पाणी घाला, आणि वर अर्धीच वापरायची. अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य गेलं. मग अर्ध्यात काय काय बसतं? दोन पंखे, दिवे, छोटा फ्रिज, छपरावरच्या सोलरमधून दिवसभरात किती भर पडेल. रोज तेच. मी भाजी निवडत असले की समोर येऊन बसायचे. "ऐक गं, तुला कळतं म्हणून सांगतो."

मला कळत होतं. हीच तर अडचण आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवलं. वॅट म्हणजे काय, हे मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायचे. शेवटी त्यांनी शिशाची मोठी बॅटरी आणली. वॉचमनने आणि तळमजल्यावरच्या दोघांनी मिळून ती ट्रेलरमध्ये चढवली. मग आजोबांनी आम्हां सगळ्यांना समोर उभं करून एकच नियम सांगितला — गरम होणारं काहीही लावायचं नाही. किटली नाही, टोस्टर नाही, इस्त्री नाही. उष्णता बॅटरी पिऊन टाकते. मी म्हटलं, "अहो, मला काय शिकवताय!"

तर, अज्ञानाची पळवाट मला नाही.

तुम्ही कॅनडाला जायच्या आधीचा तो मे महिना. मुरबाडच्या पुढे आजोबांच्या ओळखीच्या एकाच्या शेतावर, धरणाच्या पाण्याकाठी दोन दिवस राहायचं ठरलं होतं. तुम्हाला इथलं काहीतरी दाखवून पाठवायचं, एवढंच आजोबांच्या मनात होतं. आणि माझ्या मनात होता फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यासमोर आपल्या सगळ्यांचा एक नीट फोटो — कारण नंतर कधी सगळे एकत्र भेटणार?

नीट फोटो. चुरगळलेल्या कपड्यांत नीट फोटो कसा येणार?

मी इस्त्री नेली होती. घरचीच, जुनी, जड. टॉवेलात गुंडाळून, माझ्या साड्यांच्या खाली. म्हणजे लपवूनच नेली होती, तेव्हा "सुचलं तिथे ऐनवेळी" असंही म्हणता येत नाही. दुपारी तुम्ही सगळे पाण्यावर गेलात. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. डोकं दुखत नव्हतं. पलंगावर चादर अंथरली आणि आधी माझी सुती साडी घेतली. मग तुमच्या आईचा कुर्ता, बाबाचा सदरा, तुमचे दोघांचे कपडे. पाणी शिंपडून, कॉलरसुद्धा.

भिंतीवर आजोबांनी काट्याचं मीटर बसवलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की कपड्यांच्या नादात माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

गेलं होतं. काटा उतरताना मला दिसत होता. दर कपड्यागणिक मी वर बघत होते आणि पुढचा कपडा घेत होते. आणि — हे लिहायला हात अडतोय — मला थोडं बरं वाटत होतं. एवढी महिनोन्‌महिने डोक्यावर बसलेली ती बॅटरी, तिने एकदा तरी माझं काम करावं! आणि संपली तर संपू दे, बघू या काय होतं ते. असं मी म्हटलं. मनात, पण म्हटलं.

मग आजोबांच्या सदऱ्याचं बटण तेवढं लावून ठेवलं, इस्त्री गार केली, टॉवेलात परत गुंडाळली.

पुढचं तुम्हाला आठवतं. दिवेलागणीला पंखे आचके देत थांबले. मग दिवे गेले. मे महिन्याची ती गदमद, पाण्याकाठचे डास, मुक्ता अंगभर खाजवत रडायला लागली. तुमचा बाबा आधीच प्रवासाच्या काळजीने वैतागलेला. म्हणाला, "बाबा, जन्मभर वीज कंपनीची सबस्टेशनं सांभाळलीत, आणि दोन पंखे चालवता येईनात?" आजोबा चष्मा लावून गुडघ्यांवर बसले, टॉर्च तोंडात धरला आणि एकेक वायर हाताने चाचपत राहिले. मग मान वर करून मला विचारलं, "तू काही लावलं होतंस का गं?"

"मी? मी काय लावणार?"

एवढंच. त्यांनी लगेच मानलं. दुसऱ्यांदा विचारलंही नाही. "मग माझंच कुठेतरी चुकलं," म्हणाले. पंधरा मिनिटांत सामान गाडीत भरून आपण घरी निघालो. फोटो राहिला. घरी आल्यावर तुमच्या आईने बॅगा उपसल्या आणि कौतुकाने म्हणाली, "आईंच्या हातची घडी बघा, एक सुरकुती नाही!" मी काय केलं? हसून कपडे कपाटात लावले.

तुम्ही गेलात. आजोबांनी ट्रेलर दहिसरच्या एकाला देऊन टाकला. ते मला चाललं असतं, मला त्याची अडचणच होती. पण नंतर जे झालं ते मी रोज बघत आले. आधी आमच्या मजल्यावर कुणाचा फ्यूज उडाला तर लोक पहिली बेल आमची वाजवायचे. आजोबा म्हणायला लागले, "इलेक्ट्रिशियनला बोलवा, माझा आता भरवसा नाही." घरातला साधा बोर्डसुद्धा स्वतः उघडेनासे झाले. मला किती चीड यायची! एका बॅटरीने माणूस असा बसतो का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं आहे. मी. विचारलं आहे.

आणि परवा कॉल संपल्यावर आजोबा सोफ्यावर बसल्या बसल्या हळूच म्हणाले, "लिथियमच घ्यावी त्याने. पण तिकडच्या थंडीत, शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते, खराब होते. हीटर असलेली मिळते, नाहीतर काढून घरात ठेवायची." म्हणजे हे सगळं ते अजून वाचत असतात. मी म्हटलं, मग सांगा ना त्याला. तर म्हणाले, "माझं कशाला? कुणा जाणकाराला विचारेल तो."

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्यांच्या आधी तुम्हाला कळणार, हे बरं दिसलं नसतं. आजोबा बाल्कनीत चहा घेऊन पेपर वाचत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. इस्त्री, मीटर, आणि मी खोटं बोलले ते.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी पेपर गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "ती जुनी? साडेसातशे वॅटची?"

"हो."

"किती वेळ?"

"तुम्ही पाण्यावरून परत येईपर्यंत."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. पेपरच्या कडेला, जाहिरातीच्या मोकळ्या जागेत आकडे मांडले. खोडले. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून पुन्हा मांडले. मी बाजूला उभी होते, शाळेतल्या चुकार मुलीसारखी.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ते म्हणाले. मला नाही म्हणाले. त्या कागदाला म्हणाले.

मग चप्पल घालून खाली गेले. चहा तसाच राहिला. अजून वर आलेले नाहीत.

ईशान, थंडीचं जे वर लिहिलं आहे ते आजोबांचं आहे, माझं नाही. बॅटरीतलं त्यांना कळतं. तेव्हाही कळत होतं.

— आजी