रांगेचे शत्रू

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आग्नेय आशियातल्या सरकारांना मोबाईलवरून दाखले द्यायला शिकवतात. जकार्ता, मनिला ही नावं ते कात्रज-खडकीसारखी घेतात. लिफ्टमध्ये भेटले की सुरू: "अहो, रांग म्हणजे सरकारचं अपयश!" आपण तळमजल्याची वाट बघायची.

नोव्हेंबरात हेच गृहस्थ मला बँकेत पेन्शनरांच्या रांगेत दिसले. हयातीच्या दाखल्यासाठी वडिलांना घेऊन आले होते. वडील पुढे, कारखान्यातल्या जुन्या दोस्तांच्या घोळक्यात, टाळ्या देत मोठमोठ्याने हसत होते.

"काय हो, हे मोबाईलवर होत नाही वाटतं?" मी संधी सोडली नाही.

"हळू बोला!" ते घाईघाईने कुजबुजले. "आपल्याकडे ते चालत नाही, असं सांगितलंय मी बाबांना."