कुरालीकडची सरसों आणि नुसता फ्लॅश

चंदीगडला कधी जावं, असं चार जणींनी विचारलंय. जानेवारीच्या शेवटी जा. थंडी हाडात शिरते, पण सरसों, म्हणजे आपली मोहरी, फुललेली असते. सुखना तलाव आणि रॉक गार्डन एका दिवसात उरकतं, त्याला तीन दिवस लावू नका. दुसऱ्या दिवशी शहराबाहेर पडा, खरडवरून कुरालीच्या रस्त्यानं. आता पंजाबच्या गाड्या सेक्टर त्रेचाळीसहून सुटतात, आमच्या वेळी सतराच्या अड्ड्यावरून सुटायच्या. एवढं सांगून मी थांबले असते. पण त्या रस्त्याचं नाव काढलं की पुढचंही सांगावं लागतं.

आमचे हे सेक्टर तीसच्या सरकारी लॅबमध्ये होते, भिंगं घासायच्या खात्यात मेकॅनिक. लग्न झालं आणि मी कराडहून थेट तिकडं. वय बावीस, शिक्षण सातवी, हिंदी सिनेमात ऐकलेली तेवढीच. पंजाबात दहशतवाद पेटलेला होता. रोज सकाळी रेडिओवर किती मेले ते सांगायचे आणि लोक चहा प्यायचे. दिवेलागणीच्या आत रस्ते ओस. घरात बसून बसून मी सगळ्यांवर खेकसायला लागले, तेव्हा ह्यांनी बदली झालेल्या एका साहेबाचा जुना कॅमेरा आणून दिला. म्हणाले, "घे, आता ह्याच्यावर ओरड."

कॅमेऱ्यानं मला वेड लावलं. पण रोल छत्तीस फोटोंचा आणि महाग. बाहेर काढला की लोक गोळा, "हमारी भी एक, हमारी भी एक." रोल धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्यानं उपाय सांगितला. "भाभीजी, लग्नात अर्ध्या लोकांना आम्ही नुसता फ्लॅश मारतो. फ्लॅशच्या मागं हे लाल बटण आहे बघा. हे दाबा, खटका दाबूच नका. लाइट चमकला की माणूस खूश." मला ते फार हुशारीचं वाटलं. सहा महिन्यांत मी अर्ध्या सेक्टरला नुसता उजेड दाखवला असेल.

ह्यांच्याबरोबर जोगिंदरजी नावाचे सरदारजी होते, लेथवर काम करायचे. त्यांचं गाव कुरालीच्या पुढं, सडकेपासून दीड मैल. ते म्हणाले, "भाभीजी, फुलं बघायची तर आमच्या गावाला चला, गुऱ्हाळ पण चालू आहे." शेजारच्या देशपांडेबाई म्हणाल्या, "ह्या दिवसांत पंजाबात कोण फिरायला जातं?" मी म्हणलं, मग कुठल्या दिवसांत जायचं ते लिहून द्या. निघालो रविवारी.

सकाळी आठची बस. चंदीगड संपलं की पहिला नाका. वाळूची पोती, त्यामागं बंदुकीची नळी आणि नळीमागं मिसरूड फुटलेला पोरगा. सगळे उतरा. पुरुष एका रांगेत, पगडीवाले दुसऱ्या. जोगिंदरजी आमच्या शेजारून उठून गपचूप त्या दुसऱ्या रांगेत गेले. आताच आम्ही एका पिशवीतले शेंगदाणे खात होतो. माझा कॅमेरा उलटासुलटा करून शिपायानं विचारलं, "पूल का फोटो तो नहीं लेना?" म्हणलं, फूल का लेना है. तो हसला नाही. खरडच्या पुढं दुसरा नाका, तीच कवायत. वीस मैलांना अडीच तास लागले.

आणि मग सरसों. दोन्ही बाजूंना पिवळंच पिवळं, मध्ये धुकं. आमच्याकडं असा रंग फक्त हळद लागली की अंगाला असतो. मी चपला हातात घेऊन बांधावर पळाले. एक चांगली जागा सापडली, नजर लावली, तेवढ्यात उसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर चौकटीत घुसला. मी ओरडले, "हटो, हटो." चालवणारा पोरगेला सरदार हसला, हात जोडले आणि बाजूला झाला. पण खटका तोवर दाबला गेला होता. एक फोटो वाया. बराच वेळ मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते.

गुऱ्हाळ आपल्यासारखंच, फक्त काहील लहान, आणि गुळात बडीशेप अन् शेंगदाणे टाकतात. गरम गूळ पळसाच्या पानावर खा, विकतचा नको. जेवायला मक्याची रोटी, सरसोंचं साग, वर लोण्याचा गोळा. जोगिंदरजींची आई, बीजी, माझ्या ताटात वाढतच राहिली. म्हणाली, "बंबईवाले की खांदे ने, हवा?" मुंबईवाले खातात काय, हवा? मी म्हणलं मी मुंबईची नाही. तिला काही फरक पडला नाही.

अंगणात सगळ्या घराचा एक फोटो काढला. बीजी, जोगिंदरजी, त्यांची बायको, दोन मुली, म्हैस. हा खरा काढला. आता चारच शिल्लक होते, आणि ते मला दुसऱ्या दिवशी सुखनावरच्या परदेशी बदकांसाठी ठेवायचे होते. शेवटची बस साडेतीनची. ती चुकली की रस्त्यावर संध्याकाळ, म्हणजे विषयच संपला.

अडीच वाजता बीजीचा धाकटा मुलगा घरी आला. सुक्खा. तोच ट्रॅक्टरवाला. बीजी म्हणाली, "पुत्तर, मेरी ते सुक्खे दी इक." फक्त ती आणि तो. मी घड्याळ बघितलं. तो म्हणाला, "बहनजी, दो मिनट," आणि पगडी बदलायला गेला. निळी, नवी. दाराच्या कडीला एक टोक बांधून ताणून, घडी घालून, तो सावकाश बांधत बसला. पंधरा मिनिटं. मी दारात उभी राहून ह्यांना मराठीत म्हणलं, "ह्याचं लग्न आहे का आज?" बीजीनं पेटीतली शाल काढली. दोघं आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर बसले. बीजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी लाल बटण दाबलं. लखकन उजेड पडला. बीजीचे डोळे दिपले, ती हसली, "आ गई?"

"आ गई," मी म्हणलं. बस मिळाली.

बदकं छान आली. रोल धुतला, घरच्यांचा फोटो जोगिंदरजींबरोबर पाठवला. त्यांनी विचारलं, "और सुक्खे वाली?" मी म्हणलं, दुसऱ्या रोलमध्ये आहे. बोलून मी भाजी चिरायला लागले.

मार्चमध्ये जोगिंदरजी चार दिवस कामावर आले नाहीत. पाचव्या दिवशी, भर दुपारी, बीजीला घेऊन आमच्या क्वार्टरवर आले. हातात गुळाची पिशवी. कसल्याही कामाला निघाली तरी रिकाम्या हातानं दुसऱ्याच्या दारात जाणार नाही, तसली बाई. जोगिंदरजी उभ्यानंच बोलले. सुक्ख्याला शेतातून उचलला. जीपला नंबर नव्हता. खाकी कपडे होते, पण खाकी तर कुणीही घालतं. ठाण्यात गेले की म्हणतात, आमच्याकडं नाही, फोटो आणा, बघू. घरात त्याचा फोटो एकच, पाचवीतला.

"वो दूसरे रोल वाली दे दो, भाभीजी."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे मराठीत हळूच म्हणाले, "रोल जळला म्हण." त्या दोघांना कळलं नाही. चंदीगडला आमची मराठी म्हणजे दाराची कडीच, लावली की आतलं आत. मला म्हणता आलं असतं. पण मग बीजी नशिबाला दोष देत परत गेली असती, आणि दोष नशिबाचा नव्हता.

मी म्हणलं, "बीजी, मैंने फोटो खींची ही नहीं."

ती म्हणाली, "पर चानण तां होया सी." उजेड तर पडला होता.

मी तिला फ्लॅश आणून दाखवला. लाल बटण दाबून दाखवलं. भर दुपारी त्या खोलीत लखकन झालं आणि जोगिंदरजींनी तोंड फिरवलं. बीजी रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं पडलं असतं. गुळाची पिशवी तेवढी ओट्यावर ठेवली.

तेव्हाच मला ट्रॅक्टर आठवला. वाया गेलेला फोटो मी छापलाच नव्हता. निगेटिव्ह काढली, ह्यांनी लॅबमधलं भिंग डोळ्याला लावलं. ट्रॅक्टरवर एक ठिपका होता, मुगाच्या डाळीएवढा. हे तसेच उठून ओळखीच्या एका डार्करूमवाल्याकडं गेले. ठिपका वाढवत वाढवत वहीच्या पानाएवढा केला. तेवढा वाढवला की चेहऱ्याची वाळू होते. दाढी कुठं संपते आणि खांद्यावरची शाल कुठं सुरू होते ते कळेना. हात जोडलेले मात्र दिसत होते.

बीजी ते बघून म्हणाली, "हाँ. मेरा सुक्खा."

तो कागद घेऊन ती ठाण्याठाण्यांतून फिरली. दोनदा मीही गेले बरोबर, ह्यांचं न ऐकता. एका ठाण्यात कागद हातात घेऊन हवालदार म्हणाला, "माताजी, ये तो कोई भी सरदार हो सकता है." खरंच होतं ते. सुक्ख्याचा मी मुद्दाम कॅमेरा रोखून, खोटं हसू आणून, पंधरा मिनिटं थांबून जो फोटो काढला नाही, त्यात तो कोणीही वाटला नसता.

सुक्ख्याचं काही कळलं नाही. जिवंत, मेलेला, काहीच नाही.

दोन वर्षांनी ह्यांची पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला त्या गावाला गेलो. नाके कमी झाले होते, बस दीड तासात पोचली. भिंतीवर वारलेल्या माणसांचे फोटो होते, सगळ्यांना प्लास्टिकचे हार. एका टोकाला चौकटीत तो वाळूसारखा कागद. त्याला हार नव्हता. मी विचारलं नाही. मेल्याचं कुणी सांगितलंच नाही, तर हार कोण घालणार? बीजीनं ताटात वाढलं, पहिल्यासारखंच, मी हात आडवा करेपर्यंत. अंगणात मी सगळ्यांचे फोटो काढले, प्रत्येकाचा वेगळा, सबंध रोल संपवला. बीजी एकदाही कॅमेऱ्याकडं बघून हसली नाही. प्रत्येक खटक्याला मान थोडी तिरकी करून ऐकत होती. आवाज आला की मगच उठायची.

ते सगळे फोटो मी पुण्याहून रजिस्टर पोस्टानं पाठवले.

फ्लॅश अजून कपाटात आहे. सेल काढून ठेवलेत. आता मोबाइल आहे, हजार फोटो मावतात, तरी प्रवासात कुणी म्हणालं, "ताई, आमचा एक काढता का?" तर घाई असली की नुसता मोबाइल उचलून "काढला" म्हणणारे मी बघितलेत. बस सुटत असेल, पोरं रडत असतील, माणूस पगडी बांधायला पंधरा मिनिटं लावत असेल. थांबा आणि काढा. आणि काढल्यावर त्यांना दाखवा.