शर्यतीच्या माळाचा थांबा

उचगावच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या गावचा माळ आहे. वर्षातून दोनदा तिथं रिकामा गाडा पळवायच्या शर्यती होतात. पंच शिट्टी मारतो, बैलजोडी सुटते, एका मिनिटानं दुसरी शिट्टी होते आणि गाडा जिथवर पोचला तिथवर टेप धरून अंतर मोजतात. ज्या जोडीनं जास्त अंतर तोडलं तिचा पहिला नंबर. एरवी माळावर शेरडं चरतात. माळाच्या टोकाला, अगदी रस्त्याला लागून, गुडघाभर उंचीचा एक दगड पुरलेला आहे. बेळगावला जाणारी बस त्या दगडापाशी थांबायची. छप्पर नाही, पाटी नाही, तिकिटावर नावसुद्धा पुढच्या फाट्याचं.

गेल्या वर्षी नवीन वेळापत्रक आलं आणि सकाळची सातची बस दगडापाशी थांबायची बंद झाली. कंडक्टरनं दारातूनच हात हलवला, "यादीत न्हाय!"

माझी आक्का बेळगावच्या शहापुरात मागावर साड्या विणते. आठला कामावर हजर व्हावं लागतं. दोन वर्षांपूर्वी ती पडली, तेव्हापासून तिचा डावा गुडघा नीट वाकत नाही. फाट्यापर्यंत मला चालत अर्धा तास लागतो, तिला तासाभराच्या वर. पहिल्या आठवड्यात ती चार दिवस उशिरा पोचली. मागवाला म्हणाला, "जमत नसेल तर सांगा, माग दुसरीला देतो." आक्कानं हे घरी येऊन सांगितलं तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

मी आगारात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज द्या. थांबा कधीपासून आहे, कशामुळं झाला, कोण चढतं, सगळं लिहा."

लिहायला मला काय! आमच्या घरी गादीखाली, ट्रंकेत, पिठाच्या डब्याखालीसुद्धा सीमाप्रश्नाच्या सभा-मोर्चांची पत्रकं असायची. माझे वडील, अण्णा, ती आणायचे आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. 'आंबा' वाचायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. त्या रात्री जेवायच्या आधीच माझा अर्ज तयार झाला. आमच्या गावच्या जोडीनं विक्रमी अंतर तोडलं तिथं हा दगड पुरला गेला, ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. तिला मी पुढचं जोडलं: त्या विजयानंतर गाव रस्त्यावर उतरलं आणि लढून थांबा मिळवला. कुणी लढलं होतं की नाही, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. आपल्याकडे लढल्याशिवाय काही मिळतं का, असं मला वाटलं. त्याचं पत्रक करून शंभर प्रती छापूनही आणल्या.

साक्षीदार म्हणून सही घ्यायला मी आप्पांकडे गेले. आप्पा आमच्या भावकीतले, शर्यतीचे जुने पंच, शिट्टी मारायचा मान त्यांचा. त्यांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"सही करत न्हाय."

"का हो आप्पा?"

"खोटं हाय म्हणून. त्या दिवशी बस आलती. ड्रायव्हर शर्यतीचा लई येडा. गाडी रस्त्यात उभी केली आणि टपावर चढला, वरून ओरडाय लागला. मी त्याच्याकडंच बघत बसलो. शिट्टी तोंडात, घड्याळ हातात, आणि मिनिट गेलं निघून. जोडी पळत पळत रस्त्यापतूर आली. फेरी बाद झाली. जोडी पोचली तिथं पोरांनी रागानं संध्याकाळी दगड पुरला."

"आणि थांबा?"

"ड्रायव्हरला वाईट वाटलं. माझ्यापायी जोडीचा नंबर गेला म्हणायचा. रोज दगडापाशी गाडी थांबवून बैलांची चौकशी करायचा. तेवढ्यात बाया चढाय लागल्या. झाला थांबा."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाय गं."

पत्रकांचा गठ्ठा मी दोन दिवस गादीखाली ठेवला. खोटं कामाचं होतं, ते तसंच दिलं असतं तर आक्काची बस वाचली असती. पण सभेत खोटं बोलणाऱ्याला भर गर्दीत प्रश्न विचारणारी मीच होते. देवळापुढं चारचौघांत मी खरं सांगितलं तेव्हा गोंधळच झाला.

"शेजारचं गाव हसंल की!"

"विक्रम खोटा म्हणतीस? मग दगड उपटूनच टाक जा!"

पायरीवर गुडघा चोळत बसलेली आक्का म्हणाली, "बैल किती पळाले ते तुम्ही बघा. माणसं कोण चढतात ते मी सांगते. लिव गं." मग तिनं एकेक सांगितलं. मागावरच्या बाया, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे दोघं, कॉलेजच्या मुली, दवाखान्यात झाडू मारणारी मावशी.

मी अर्ज नव्यानं लिहिला. त्याखाली कन्नडमध्येही तोच मजकूर लिहून घेतला, शेजारच्या घरी चिकोडीकडून आलेल्या सुनेकडून. कन्नड कशाला म्हणून अण्णा कुरकुरले. मी म्हटलं, आक्काला वेळेत पोचायचं आहे, अर्ज ज्यांना वाचायचा आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे. आप्पांनी सही केली आणि खाली स्वतः लिहिलं: शिट्टी उशिरा वाजली ही माझी चूक.

एका सोमवारी साहेब स्वतः सातच्या बसनं आले. दगडापाशी उतरून त्यांनी चढणारी माणसं मोजली. मग आप्पांना विचारलं, "शिट्टीवाले तुम्हीच का?"

"व्हय साहेब. आज घड्याळ बघूनच उभा हाय. सात वाजून आठ मिनिटं झाली, तुमचीच गाडी उशिरा हाय."

ड्रायव्हरसुद्धा हसला. साहेब म्हणाले, "शिफारस करतो. मंजुरी वरून यायला वेळ लागेल."

आक्का बसच्या पायरीवर उभी होती, कठडा धरून. "तोवर गाडी थांबणार का, तेवढं सांगा."

साहेबांनी ड्रायव्हरकडं बघितलं. "हात केला की थांबवा."

मंजुरी अजून आलेली नाही. खोट्या मजकुराची ती शंभर पत्रकं माझ्याकडे आहेत, त्यांची पाठ कोरी आहे. रोज सकाळी मी आक्काबरोबर दगडापाशी जाते आणि एका पत्रकाच्या पाठीवर तारीख घालून लिहिते, 'थांबली' किंवा 'थांबली नाही'. 'थांबली नाही' असं आजवर दोनदा लिहावं लागलं. दोन्ही वेळा मी तो कागद घेऊन त्याच दिवशी आगारात गेले. पत्रकं संपली तर वह्या आहेत.

आक्का खिडकीशी बसते आणि बस हलायच्या आधी बाहेर डोकावून विचारते, "लिवलंस?"