नातवाचा फोटो आणि सासऱ्यांची शेरवानी

माझ्या मुलाचा पहिला फोटो काढायचं ठरलं ते मुलापायी नव्हे, तहसीलदारांपायी. त्यांच्या नातवाचा फोटो हैदराबादेहून आला आणि कचेरीत सगळ्यांच्या हातांतून फिरला. माझे सासरे कंधारच्या त्याच कचेरीत पेशकार होते, तहसीलदारांपुढे कागद मांडायचे. त्या दिवशी घरी आले ते जोडे न काढताच म्हणाले, "आपल्याकडं बी नातू झालाय. आपण काय कमी हाव का?"

माझी थोरली मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या जन्माच्या वेळी फोटोचं नावही कुणी काढलं नव्हतं. तेव्हा तहसीलदारांना नातू नव्हता, त्याला बिचारे सासरे तरी काय करणार!

नांदेडच्या फोटोवाल्याला चिठ्ठी गेली. मुलाला सव्वा महिना झाला की पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी कचेरीला सुटी असताना, त्यानं यायचं असं ठरलं. मधे आठ दिवस होते आणि तयारी फार होती. पुढच्या खोलीला चुना लावला. त्या वासानं मूल दिवसभर शिंकत होतं, पण भिंती झकास दिसायला लागल्या. कचेरीतून दोन खुर्च्या आल्या. शेजाऱ्यांकडून मोरांचा गालिचा आला. त्यातल्या एका मोराचं तोंड उंदरांनी कुरतडलं होतं, म्हणून त्याच्यावर खुर्चीचा पाय ठेवायचं ठरलं. सासऱ्यांची शेरवानी शिंप्याकडे दोनदा जाऊन आली, कारण ती शिवली तेव्हाचं पोट आणि आताचं पोट यांचा काही संबंध राहिला नव्हता.

मी माझ्या नवऱ्याला विचारलं, "मुलाला काय घालायचं?"

हे आरशासमोर गोंड्याची लाल रूमी टोपी तिरपी करून बघत होते. म्हणाले, "थांब की जरा. आधी टोपीचं बघून राहिलो ना."

शेवटी मी माझ्या शालूचा काठ कापून मुलाला कुंची शिवली. दुपारी ते झोपलं की शिवायची, उठलं की ठेवून द्यायची. ती शिवून झाल्याचं घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग प्रश्न आला, मुलाला मांडीवर कुणी घ्यायचं. मी घेणं शक्यच नव्हतं. फोटो कचेरीत दाखवायचा, आणि घरच्या सुनेचं तोंड चार लोकांनी पाहायचं म्हणजे काय! तेव्हा सासऱ्यांनी घ्यावं असं सासऱ्यांनीच ठरवलं. त्यांना तान्हं मूल धरायची सवय नव्हती, म्हणून ते रोज संध्याकाळी उशी घेऊन खुर्चीवर ताठ बसायचे. शेजारी हे उभे राहायचे, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. उशी एकदाही रडली नाही. तालीम फारच चांगली झाली.

जुम्म्याच्या सकाळी फोटोवाला आला. पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे एक मियाँ होते. लाकडी कॅमेरा, त्याचे तीन पाय, काळं फडकं, सगळं त्यांनी स्वतःच आत आणलं. चुना लावलेल्या खोलीत दोन पावलं टाकली, वर पाहिलं आणि म्हणाले, "यहाँ तो अंधेरा है, पेशकारसाब. आंगन में चलो."

आठ दिवस खपून सजवलेली खोली तशीच राहिली. खुर्च्या आणि मोर अंगणात गेले. उजेड चांगला पडायचा तो एकाच भिंतीवर, आणि त्या भिंतीवर मी थापलेल्या गोवऱ्या वाळत होत्या. काढायला घेतल्या तर ओल्या. त्या तिथंच राहिल्या. हैदराबादच्या फोटोत मागे कमान होती म्हणे. आमच्यात गोवऱ्या.

मी आणि सासूबाई दाराआडून बघत होतो. मुलाला तीट लावून, कुंची घालून सासऱ्यांच्या मांडीवर दिलं. मियाँ फडक्यात शिरले. आतून आवाज आला, "कोई हिलना नक्को!"

सासरे हलले नाहीत. हे हलले नाहीत, श्वाससुद्धा घेतला की नाही कोण जाणे. मूल मात्र बेंबीच्या देठापासून रडायला लागलं, हातपाय झाडायला लागलं, आणि शेवटी त्यानं शेरवानीवर जे करायचं ते केलं.

मियाँ बाहेर आले. "बच्चा हिल्या. अब फोटो की एकच काच बाकी है. इसकू माँ के पास देव, चुप हो जाएगा."

"माँ फोटोत येत न्हाई," सासरे म्हणाले.

तोवर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई उंबरा ओलांडून अंगणात गेल्या. परक्या पुरुषासमोर त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "माझी चार गेली. एकाचं तरी तोंड आठवतं का तुम्हाला? मला न्हाई आठवत. द्या ते लेकरू."

सासरे उठले. मला वाटतं, ओल्या शेरवानीत त्यांना तसंही बसवत नव्हतं. सासूबाईंनी मला हाक मारली, खुर्चीवर बसवलं, मूल मांडीवर दिलं. मग आत जाऊन माझ्या मुलीला दंड धरून घेऊन आल्या आणि माझ्या गुडघ्याशी उभी केली. तिच्या तोंडाला गूळ लागलेला होता. पुसायला वेळ नव्हता. मूल मला चिकटलं आणि हुंदके देत गप्प झालं.

"बस, बेटी. ऐसेच," मियाँ म्हणाले. मी मान वर करू की खाली, हे ठरायच्या आत फोटो निघालासुद्धा.

महिन्याभरानं दोन्ही फोटो आले. पहिल्यात सासरे आणि हे दोघंही शिक्का मारल्यासारखे स्वच्छ होते. सासऱ्यांच्या मांडीवर पांढरं काहीतरी उतू गेल्यासारखं दिसत होतं, तो माझा मुलगा. सासरे तो फोटो कचेरीत घेऊन गेले. संध्याकाळी आल्यावर कुणी काही विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं, "तहसीलदार म्हणाले, गोवऱ्या फार सुबक आल्यात." तरीही त्यांनी तो चौकटीत बसवून पुढच्या खोलीत लावला. पाहुणे मुलाला शोधायचे आणि सासरे बोटानं जागा दाखवायचे.

दुसरा सासूबाईंनी आपल्या लुगड्यांच्या घडीत ठेवला. त्या तो दुपारी काढायच्या, बघायच्या, परत ठेवायच्या. कुणाच्या हातात देत नसत.

एकदा मी मुलाला तेल लावत बसले होते. सासरे आत आले आणि उगाच खाकरत म्हणाले, "तो दुसरा कुठाय?"

"माझ्यापाशी हाय. बघायचा तर हितं बसून बघा," सासूबाई म्हणाल्या.

सासरे खाली जमिनीवर बसले. सासूबाईंनी फोटो त्यांच्यासमोर धरला, हातात दिला नाही. सासऱ्यांनी चष्मा पुसून लावला आणि खूप वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आपला पहिला असाच होता का गं?"

"नाक असंच होतं," सासूबाई म्हणाल्या. मग फोटो आपल्याकडे वळवून म्हणाल्या, "असंल."

एरवी मी मनातल्या मनात काहीतरी खोचक बोलले असते. तेव्हा सुचलं नाही. मुलाचे पाय तेलानं निसटत होते, ते धरून मी चोळत राहिले.