एकतीस नंबरची वेल्डा

टॅलबर्ट गावात कोणाच्या घरी काही बरंवाईट झालं, की आधी बटाटा-चीजचं गरम भांडं येतं आणि मग त्याच्यामागून माणूस येतो. त्यामुळे एप्रिलमधल्या त्या शनिवारी सकाळी वेल्डा रेम्पलने दार उघडलं आणि रॉजर पेनर दोन्ही हातांत झाकलेलं भांडं धरून उभा दिसला, तेव्हा तिने आधी भांड्याकडेच बघितलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही, मिस रेम्पल. तुम्ही आधी बसा बघू."

"तिसरीत असताना वर्गाची काच फोडलीस, तेव्हाही मला आधी बसायलाच सांगितलं होतंस. बोल."

रॉजर आता पन्नाशी उलटलेला, गावातला विमा एजंट, कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या पाठीराख्या मंडळाचा अध्यक्ष. तरी त्याने मुकाट्याने भांडं ओट्यावर ठेवलं, टोपी काढली आणि फोन तिच्यापुढे धरला. कॉलेजने संघाच्या ताज्या बातम्या टाकल्या होत्या. टेक्सासहून आलेला नवा प्रशिक्षक, मैदानावर घालायचं नवं कृत्रिम गवत, आणि लुइझियानाचा एक नवा खेळाडू, सगळे दात दाखवून हसणारा. त्याच्या छातीवर आकडा होता एकतीस.

"आम्हाला कोणाला पत्ताच नव्हता," रॉजर म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच भरले होते. "आम्ही हे होऊ देणार नाही, मिस रेम्पल. शब्द देतो."

वेल्डा फोटोकडे बघत राहिली. तिला काय वाटलं ते तिने रॉजरला सांगितलं नाही, कारण जे वाटलं ते रडण्याच्या जवळपासही नव्हतं.

एकतीस नंबर म्हणजे काय, हे आमच्या गावात पाळण्यातलं पोरही सांगेल. कॉलेजात फुटबॉल १९०५ पासून आहे. चेंडू काखोटीला मारून एकाने पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला आडवं पाडायचं, असा आमच्याकडचा फुटबॉल. संघाचं नाव प्लाउमेन, म्हणजे नांगरे, आणि सुरुवातीला मैदानही नांगरल्यासारखंच होतं म्हणतात. एका साली फ्लूमुळे संघ उभा राहिला नाही, पुढे युद्धामुळे राहिला नाही. ज्या वर्षी राहिला, त्यातल्या बहुतेक वर्षी नसता राहिला तरी चाललं असतं. एवढ्या मोठ्या इतिहासात विजेतेपद एकच, १९६९ चं, आणि ते आणलं डॉयल फ्रीझनने, एकतीस नंबर अंगावर घालून. पुढच्या फेब्रुवारीत डॉयलची गाडी बर्फावरून घसरली आणि ओढ्याच्या पुलाखाली गेली. वय एकवीस. नाताळात त्याने वेल्डाच्या बोटात अंगठी घातली होती.

त्यानंतर संघाचं सामान सांभाळणाऱ्या माणसाने तो नंबर कोणाला दिला नाही. त्याच्या मागून त्याच्या पुतण्यानेही दिला नाही. ठराव नाही, नोंद नाही, नुसती रीत. हा पुतण्या हिवाळ्यात नोकरी सोडून लेकीकडे ॲरिझोनाला गेला. नव्या प्रशिक्षकाने कपाट उघडलं, रिकामा आकडा दिसला, दिला. बिचाऱ्याला काय माहीत, आपण गावाचं दैवतच पोराच्या अंगावर चढवलंय!

मेल्या म्हशीला मणभर दूध, तशी डॉयलची ती शेवटची धाव दरवर्षी लांबत गेली. मुळात ती चाळीस यार्डांची. वेल्डा शाळेतून निवृत्त झाली तोवर सत्तरांच्या पुढे गेली होती, आणि हल्ली तर तो मोडलेल्या बरगडीनिशी अख्खं मैदान पळतो. वेल्डाने ती धाव डोळ्यांनी बघितली होती. पण तिला विचारतो कोण?

तिला विचारत नसत, मिरवत असत. ऑक्टोबरात जुने विद्यार्थी परत येतात त्या सामन्याला, मध्यंतरात, तिला बॅटरीच्या गाडीत बसवून मैदानाच्या मधोमध नेत. गुडघ्यांवर संघाचं लाल ब्लँकेट. बँड हळू वाजे, सगळे उठून टोप्या काढत. पहिली काही वर्षं ती खरंच रडली. मग काही वर्षं रडू यावं म्हणून प्रयत्न केला. पुढे तिने मान खाली घालून संध्याकाळी काय रांधायचं याचा विचार करायला सुरुवात केली, आणि त्याची तिला फार लाज वाटे.

लग्न कर म्हणून कोणी सांगितलं नाही आणि करू नको असंही कोणी म्हटलं नाही. एकदा, तिशी जवळ आली होती तेव्हा, विज्ञानाच्या मास्तरांबरोबर ती दोनदा जेवायला गेली. तिसऱ्या वेळी एका बाईने दुकानात तिचा हात हातात घेऊन अगदी मायेने विचारलं, "डॉयलच्या आईला सांगितलंस ना गं?" मास्तर वर्षभरात विचिटाला बदलून गेले. ती तिसरीच्या पोरांना पाढे शिकवत राहिली.

आणि आता पंचाहत्तरीत लेलँड उन्रू. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, कमी बोलणारा पण नेमकं बोलणारा माणूस. तो मंगळवारी आणि शनिवारी तिच्याकडे डॉमिनो खेळायला येई आणि ट्रक मागच्या गल्लीत लावी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच! गावाला सगळं ठाऊक होतं आणि गाव ठाऊक नसल्याचं सोंग करत होतं. तीन वसंतांत त्याने तिला तीनदा लग्नाचं विचारलं. "ऑक्टोबरचा सामना होऊ दे, मग सांगते," ती म्हणे. पण एवढी माणसं आपल्यासाठी टोप्या काढून उभी राहिलेली बघायची आणि सोमवारी लेलँडबरोबर कोर्टात सही करायची, हे तिच्याने होत नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी लेलँड मागच्या दाराने आला तो ओट्याजवळ थबकलाच. भांड्यांना जागा उरली नव्हती.

"हे काय? मेलीस की काय तू?"

"एकतीस नंबर दुसऱ्याला दिला. लोक सांत्वनाला येऊन गेले."

"बरं. मग?"

"मग काय, खा." आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिने खुर्चीची पाठ धरली. "लेलँड, मला सुटल्यासारखं वाटतंय रे. हे पाप आहे का?"

"असलं तर निम्मं माझ्या नावावर घाल," तो म्हणाला आणि ताटल्या काढायला लागला.

सुंठीवाचून खोकला गेला, असं दोघांना वाटलं. पण हा खोकला पंचावन्न वर्षांचा होता.

मंगळवारी डॉमिनो मांडून झाले आणि पुढच्या दारी गाडी थांबली. लेलँड हातातल्या सोंगट्यांसकट स्वयंपाकघरात गेला. दारात रॉजर, त्याच्यामागे प्रशिक्षक होल्कोम, आणि त्याच्याही मागे फोटोतला तो मुलगा, मलाकाय ब्रूसार्ड. फोटोतलं हसू आज घरी ठेवून आला होता.

होल्कोम धिप्पाड माणूस. सोफ्याच्या अगदी कडेला बसला. "मॅडम, चूक सर्वस्वी माझी. कपाट उघडलं, आकडा दिसला, दिला. विचारायला हवं होतं."

"मिस वेल्डा, मला माहीत असतं तर मी हात लावला नसता," मलाकाय म्हणाला. "माझी आजी तर फोनवर म्हणाली, दुसऱ्याच्या घरचं दुःख अंगावर घालून फोटो काढतोस, लाज नाही वाटत?"

त्याने घडी केलेली जर्सी तिच्या मांडीवर ठेवली.

"झालं तर मग," रॉजरने सुस्कारा सोडला. "आता ही काचेच्या पेटीत जाईल. ऑक्टोबरात तुमच्याच हस्ते अनावरण करू. आणि या वेळी गाडीला फुलं लावू."

तिने नुसतं "थँक यू" म्हणायचं होतं. चाळीस वर्षं पोरांना तिने तेच शिकवलं होतं, आणि शब्द ओठांवर आलाही. पेटी, फुलं, ब्लँकेट. मग येणारं वर्ष, मग त्याच्या पुढचं, आणि लेलँडचा ट्रक गल्लीत. तिने जर्सीवर हात ठेवला. कोऱ्या प्लास्टिकचा वास येत होता. डॉयलचं तिच्यात काहीच नव्हतं. त्याचा आवाज आठवायचा तिने प्रयत्न केला. तो तर ती केव्हाच विसरली होती. आठवले फक्त त्याचे कान, थंडीत लालभडक होणारे. एवढंसं पोर होतं ते, तिच्या मनात आलं, आणि कितीतरी वर्षांनी तिला डॉयलची खरी कणव आली.

तिने जर्सी उचलून मलाकायच्या हातात दिली.

"ही माझ्या मापाची नाही. तू घाल."

"मिस रेम्पल, तुम्ही भावनेच्या भरात..."

"रॉजर, गप्प बस."

रॉजर गप्प बसला, तिसरीत बसायचा तसाच.

"डॉयल आणि मी अकरा महिने बरोबर होतो," ती म्हणाली. "चांगला होता. त्याचे कान मोठे होते आणि त्याला नाचता अजिबात येत नव्हतं, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. मी त्याच्यासाठी मनापासून रडले. पण पन्नास वर्षांवर झाली, तुम्ही मला त्या गाडीत बसवून फिरवताय. मी दमले रे. मला उतरू द्या." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. तिने तो खाकरून सरळ केला. "आणि लेलँड, दाराआड उभा राहून ऐकू नकोस. बाहेर ये."

लेलँड बाहेर आला. मुठीत सोंगट्या तशाच होत्या.

रॉजरने त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मिस्टर उन्रू, तुम्ही... कधीपासून?"

"तुला माहीत आहे त्याच्या आधीपासून," लेलँड म्हणाला.

होल्कोमला यातलं काही कळलं नाही. तो सभ्यपणे उठला आणि लेलँडशी हात मिळवला. मलाकायला मात्र सगळं कळलं होतं. तो ओठ दाबून जमिनीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

जूनमध्ये दोघांनी कोर्टात लग्न केलं. गाव रुसलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही; आमच्याकडे तोंडावर बोलायची पद्धत नाही. चर्चमध्ये लोक बोटांच्या टोकांनी हात मिळवून पुढे सरकत. रॉजर रस्ता ओलांडून पलीकडे जाई. वेल्डाला त्याचं दुःख झालं, पण रात्री झोप छान लागायची, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं.

काळजी लागली ती त्या पोराची. सप्टेंबरात सामने सुरू झाले आणि मलाकाय चांगला खेळू लागला. पण तो पळाला की टाळ्या जपून, बिचकत बिचकत पडत, आणि चुकला की सगळीकडे चिडीचूप. आमच्या लोकांनी आजवर आपल्याच खेळाडूंना इतक्या शिव्या घातल्यात, की पाहुण्या संघाच्या वाट्याला काही उरत नसे. पण एकतीस नंबरला शिवी कोण देणार?

"मिस वेल्डा," एका रविवारी तिच्याकडे जेवताना तो म्हणाला, "इथे खेळायचं म्हणजे चर्चमध्ये पळाल्यासारखं वाटतं. चुकलो की कोणी ओरडत नाही. त्यापेक्षा मारलेलं बरं. पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज बघावं म्हणतो."

तिने त्याच्या ताटात अजून एक बटाटा वाढला. पण आपण सुटलो आणि या लेकराला अडकवलं, हे तिच्या मनातून जाईना.

ऑक्टोबरचा तो सामना आला. वेल्डा पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा साध्या बाकावर बसली, लेलँडच्या शेजारी, हातात चर्चच्या बायकांनी विकायला ठेवलेला कोबी-खिम्याचा गरम पाव. मध्यंतरात मैदानाच्या मधोमध कोणी गेलं नाही. लोक चोरून तिच्याकडे बघत होते. तिने पाव खाल्ला.

शेवटच्या भागात नांगरे चार गुणांनी मागे होते. मलाकायने चेंडू घेतला, दोघांना चुकवलं, तिसऱ्याला झटकलं, आणि बघतात तो पुढे चिटपाखरू नाही. सगळं मैदान मोकळं. आणि कोणी बोटसुद्धा लावलेलं नसताना चेंडू त्याच्या काखेतून निसटला, टणकन उडाला आणि पाहुण्यांच्या एका जाड्याने त्यावर अंग टाकलं.

दुसरा कोणी असता तर त्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. पण सगळं स्टेडियम गप्प. मलाकाय हात लोंबकळत सोडून उभा होता आणि प्रेक्षकांकडे बघत होता. ही शांतता वेल्डाच्या ओळखीची होती. वर्षानुवर्षं तिला हिच्यातूनच फिरवून आणलं होतं.

ती उठून उभी राहिली.

"ए एकतीस! हाताला लोणी फासून आलायस का रे? चेंडू आहे तो, साबण नाही! धर की नीट, गाढवा!"

चाळीस वर्षं शाळेच्या पटांगणात कमावलेला आवाज होता. पलीकडच्या टोकापर्यंत गेला.

दोन रांगा खाली रॉजर पेनर वळला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला, आणि तो मैदानाकडे फिरून बेंबीच्या देठापासून ओरडला, "ऐकलंस ना? नीट धर, गाढवा!"

मग बांधच फुटला. म्हातारे, बायका, बँडवाली पोरं, सगळे एकतीस नंबरच्या नावाने खडे फोडायला लागले. कोण म्हणे दोरीने बांधून दे, कोण म्हणे पिशवी घेऊन खेळ. मलाकायने दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं होतं, आणि त्याचे खांदे परत हलत होते, त्या दिवशी तिच्या घरी हलत होते तसेच. पोरगं हसत होतं.

वेल्डा उभीच होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

"ओ बाई, खाली बसा की!" मागून कोणीतरी खेकसलं. "आम्हाला दिसत नाहीये!"

वेल्डा खाली बसली.