टोपीवालीचा सुटलेला अध्याय

आमच्या सिंदीच्या घरमालकांना एखादी गोष्ट एका दमात सांगून पुरी करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी पेशाने मास्तरीण, दिवसभर बोलूनच पोट भरणारी. पण त्यांच्यापुढे माझं तिसरं वाक्य कधी पुरं झालं नाही. दुसऱ्याच वाक्याला त्यांचा "काऊन?", म्हणजे आपलं का, आडवा यायचा. हा काऊन भांडणाचा नसे, खवचट तर मुळीच नसे. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं, आणि हीच तर अडचण होती. भांडखोर माणसाला गप्प करता येतं. उत्सुक माणसाला कसं करणार? मी पहिल्यांदा खोल्या पाहायला गेले तेव्हा ते म्हणाले, "वर्ध्याची पोट्टी सिंदीत काऊन?" मी म्हटलं, बदली झाली. "बदली काऊन झाली?" आता हे मला कुठे ठाऊक होतं! त्यांनी खोल्या दिल्या, पण पुढे चार वर्षं अधूनमधून ते मला विचारत, "बाई, त्या बदलीचं काही समजलं का?"

त्यांची उभी हयात जिनिंगमध्ये कापूस पाहण्यात गेली होती. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. शेतकऱ्याने गाडीच्या वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस लावला असला, तरी हे गृहस्थ खांद्यापर्यंत हात खुपसून तळातला ओला कापूस वर काढत. "वरून सारंच बरं दिसते, बाई. आत हात घातल्याबिगर समजत नाई." निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, हात घालणं मात्र सुटलं नाही. एकदा कीर्तनात बुवा रंगात आले होते. राजाने राणीला वनात पाठवलं, असं ते गहिवरून सांगत होते आणि बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. तेवढ्यात हे उभे राहिले. "बुवा, राणी गेली काऊन? जायच्या आंधी तिनं राजाले काही इचारलं का नाई?" बुवांनी डोळे मिटून टाळकऱ्यांना खूण केली आणि अभंग धरला. सेवाग्रामच्या दवाखान्यात मोतीबिंदू दाखवायला गेले, तर तिथल्या तरुण डॉक्टरने त्यांना कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलं, मग दुसरं काढलं, मग तिसरं. बाहेर रांग फाटकाला टेकली. घरी येऊन हे सांगतात कसे, "पोट्टं हुशार आहे. मनापासून सांगते."

असा हा माणूस एकाच विषयावर कधी काऊन विचारत नसे, आणि तो विषय म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. भाऊ राहायचा स्टेशनच्या बाजूला, चालत पाच मिनिटांवर. दोघांचं बोलणं अकरा वर्षांपासून बंद होतं. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. आमच्याकडे पोळ्याला बैलजोड्या आंब्याच्या तोरणाखाली ओळीने उभ्या राहतात, आणि घरात जो मोठा त्याची जोडी पुढे, असा रिवाज. एका पोळ्याला डफडी वाजली, झडत्यांची गाणी झाली, तोरण तुटलं, पोळा फुटला आणि धाकट्याची जोडी थोरल्याच्या जोडीला मागे टाकून पुढे निघून गेली. धाकटा म्हणे बैल बिचकले. थोरला म्हणे बैल बिचकत नाहीत, बिचकवले जातात. बस, एवढंच. तेव्हापासून दोघांच्या घरची लग्नंसुद्धा एकमेकांशिवाय लागली. मालकीणबाई मला एकदा म्हणाल्या, "वरून दगड आहे, बाई. पण भावाकडली गाडी आली का कोन उतरलं ते पाह्यतेच." भाऊ बरा आहे की नाही, हे कळण्याची त्यांना तहान होती, आणि ती भागवायला ते कुणाला विचारणार नव्हते.

मग आमच्याकडे टीव्ही आला. काळापांढरा, चार पायांचा. मालक आधी आले ते अँटेनाने छपरावरचे कवेलू किती फुटले ते मोजायला. मोजून झाल्यावर काठीवरच्या त्या पत्र्यांच्या सांगाड्यातून माणसं घरात कशी येतात, हे माझ्या यजमानांना विचारायला बसले. यजमान पोस्टातले, सहनशील. तरी तासाभराने त्यांना महत्त्वाचं काम आठवलं. त्याच सुमाराला रविवारी सकाळी मुलांसाठी एक चित्रांची मालिका लागायची. परदेशी होती, हिंदी बोलणारी केलेली. आमची मुलं तिला टोपीवाली म्हणत. एक सहासात वर्षांची मुलगी, तिच्या डोक्यावर तिच्याहून मोठी टोपी. गावाजवळून वाहणारी नदी मुळात सुरू कुठे होते, ते बघायला ती कठवतीसारख्या होडीतून निघालेली. बरोबर एक म्हातारा बगळा आणि पाण्याला भिणारा एक जाडा बेडूक. दर रविवारी नदीकाठी नवीन कुणीतरी भेटायचं, आणि वीस मिनिटांत संपायचं. सारा मामला इतका मऊ की माझा मुलगा सुरुवातीला कंटाळून जायचा. ढिशुम ढिशुम काहीच नाही.

मालक दारात उभे राहून पाहू लागले, मग उंबरठ्यावर बसले, आणि तिसऱ्या रविवारी सतरंजीवर मुलांच्या पुढे. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की या गोष्टीत एक दुष्ट असणार, आणि तो आपण सर्वांआधी ओळखणार. पुलावर वाट अडवून बसलेला केसाळ राक्षस दिसला की हे मांडी थोपटत, "हाच तो." शेवटी कळे की राक्षसाच्या पायात काटा मोडला आहे आणि त्याला उठता येत नाही. जंगलातल्या नाकाड्या म्हातारीला पाहून म्हणाले, "आता लिहून ठेवा." तर त्या म्हातारीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण तेवढं निघत नव्हतं. मालक चक्रावले. "इतके दिवस झाले, कोनी कोनाले मारून नाई राह्यलं. मंग हे चालते कशावर?"

मलाही कोडं पडलं होतं, पण वेगळं. ज्याला कीर्तनातला राजा पटत नाही, त्याला बोलणारा बगळा पटला कसा? एकदा मी विचारलंच, "आबाजी, बगळा बोलतो काऊन, हे नाही तुम्ही विचारलं?" ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "लहान पोट्टी एकटी निंगली, बाई. तिच्यासंगं कोनी तरी बोलाले पायजे ना." आणि पुढे म्हणाले, "आन ती ज्याले त्याले इचारते, क्यों? कोनी चिडत नाई. पुरं सांगते सारे. असं मी कुठी पाह्यलं नाई." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साठी उलटलेल्या या माणसाला त्याच्यासारखंच दुसरं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं, आणि ते होतं टोपी घातलेलं, काळंपांढरं, सात वर्षांचं.

मग काय, टोपीवालीची पोथीच झाली. श्रावणात मालकांच्या अंगणात पोथी लागायची, तिचे सगळे नियम रविवारच्या सकाळला लागू झाले. हातपाय धुऊन बसायचं, मधे उठायचं नाही, तोंडात शेंगदाणे नाहीत. शेवटी ते प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. आणि सर्वांत कडक नियम असा, की अध्याय सुटला तर तो ऐकलेल्या माणसाकडून ऐकून घ्यायचा, त्याशिवाय पुढच्याला बसायचं नाही. पोथीला हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता.

एका रविवारी धुक्याने भरलेल्या तळ्यात बेडूक हरवला आणि भाग संपला. आठवडाभर मालकांचं जेवणात लक्ष नव्हतं. पुढच्या रविवारी हातपाय धुऊन आम्ही बसलो, आणि लाईन गेली. आमच्याच बाजूची फेज गेली होती, स्टेशनकडे पंखे मजेत फिरत होते. माझा मुलगा तिकडे धावला आणि कुणाच्या तरी खिडकीला लोंबकळून परत आला. "बेडूक सापडला," त्याने जाहीर केलं. कुठे सापडला? पाण्यात. कसा सापडला? "सापडला ना, आबाजी." एवढ्यावर भागणारं गिऱ्हाईक हे नव्हतं. गावात टीव्ही मोजके. आमच्या बाजूचे सगळे बंद होते, आणि स्टेशनकडे टीव्हीवाला ओळखीचा मोठा माणूस एकच होता, त्यांचा भाऊ. मालक तीन दिवस अंगणात येरझारा घालत राहिले. बुधवारी मी शाळेतून आले तर ते माझ्या पायरीवर बसलेले. "बाई, तुम्ही इचारजा. मी नुसता बाजूले बसतो."

म्हणून मी, सिंदीच्या शाळेची शिक्षिका, एका हरवलेल्या बेडकाची चौकशी करायला मालकांच्या भावाकडे गेले. धाकटे बाजेवर सुपारी कातरत होते. थोरल्याला दारात पाहून अडकित्ता तसाच उघडा राहिला. मी घाईघाईने कारण सांगितलं. कोपऱ्यात त्यांचा टीव्ही होता, लाकडी पेटीतला, शटर लावलेला. धाकट्यांनी एकदा त्या शटरकडे पाहिलं, एकदा भावाच्या पाठीकडे, कारण मालक भिंतीकडे तोंड करून बसले होते. "सांगा त्याईले," ते मला म्हणाले, "पाह्यलं म्हना मी. बसा म्हना."

गोष्ट सुरू झाली. धाकटे मला सांगत, मालक मला विचारत, आणि मी दोन्हीकडे मान वळवून दमले. बेडूक धुक्यात वाट चुकला. "इचारा, वाट चुकला काऊन?" "सांगा, जत्रेतल्या फिरकीवाल्याच्या मागं गेलता." तळ्यात जत्रा होती होय, असं माझ्या मनात आलं, पण मी पोस्टमनसारखी निरोप पोचवत राहिले. बगळा त्याला शोधत फिरला. बेडूक नदीच्या पल्याड रडत बसलेला, आणि नदीला पाणी चढलेलं. बगळ्याने बेडकाला खांद्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यातून इकडे आणलं. "आन मधात," धाकटे म्हणाले, "बगळ्याची चप्पल वाहून गेली."

मालक गर्रकन वळले. "बगळ्याले चप्पल काऊन?"

मला नाही, भावाला विचारलं होतं. धाकट्यांच्या हातातली सुपारी खाली पडली. "होती, भाऊ," ते म्हणाले. "नवी होती. एक वाहून गेलती, आन घरी आल्यावर मार बगळ्यानंच खाल्ला. बेडकाचं नाव नाई सांगितलं त्यानं." त्यानंतर मधे माझी गरज कुणालाच उरली नाही. मालक बाजेच्या कडेला जाऊन बसले. वीस मिनिटांचा भाग धाकट्यांनी तासभर सांगितला. बगळ्याला पुढे एक म्हातारं कासव भेटलं आणि त्याने काहीतरी लांबलचक सांगितलं, इथपर्यंत गोष्ट गेली. चहा दोनदा झाला.

शनिवारच्या बाजारात धाकट्यांची सून भेटली. हसू आवरत म्हणाली, "बाई, आमचा टीव्ही तर वीस दिवसांपासून दुरुस्तीले वर्ध्याले आहे. त्या पेटीत माहे पापडाचे डबे आहेत." मी घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून टीव्ही लावला. सुरुवातीला मागच्या भागातली चित्रं दाखवली. बेडूक एका कमळाच्या पानावर घोरत पडलेला होता. ना जत्रा, ना पूर, ना चप्पल. मी चोरून मालकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे टक लावून होते. काऊन आला नाही. भाग संपल्यावर गुळाचे खडे वाटले, त्यातला एक रुमालात बांधला, आणि जोडे घालून स्टेशनकडे निघाले. पुढे दर रविवारी जाऊ लागले. त्या वर्षीच्या पोळ्याला जोडी कुणाची पुढे यावरून दोघे अख्खी दुपार भांडले, पण तोंडावर भांडले. गावाला भारी बरं वाटलं.

पुढे माझी पुन्हा बदली झाली, का ते विचारू नका. टोपीवाली कधीच संपली होती. नदी कुठे सुरू होते ते तिला दिसलं की नाही, मला आठवत नाही. धाकटे गेल्याचं पत्र आलं तेव्हा हिवाळा होता. मला जायला दोन महिने उशीर झाला. मी गेले, तर मालक ओट्यावर बसून गल्लीतल्या मुलांना टोपीवाली सांगत होते. तीच गोष्ट, जत्रेची आणि चपलेची. मुलं बगळ्याच्या चपलेला खिदळत होती. मी हळूच म्हटलं, "आबाजी, टीव्हीत असं नव्हतं."

"मले का माहीत नाई?" ते म्हणाले. "पवनारची नदी आहे ते, बाई. तो सहा वर्षांचा होता. मीनंच आणला त्याले खांद्यावर. चप्पल माहीच गेलती."

"मग त्या दिवशी बोलला काऊन नाही?"

"अकरा वर्षांनी सांगून राह्यला होता. मधात कायले बोलू?"

तेवढ्यात एका पोरीने त्यांचं धोतर ओढलं. मंग कासवानं बगळ्याले काय सांगितलं, हे तिला हवं होतं. मालकांनी तोंड उघडलं, आणि थांबले. कपाळ चोळलं. पुन्हा आठवून पाहिलं. "पुढचं सुटलं," ते म्हणाले. "तो नीट सांगत होता." नियम तर त्यांचाच होता, ऐकलेल्या माणसाकडून ऐकून घ्यायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही होत्या ना तवा?"

मी होते. शेवटपर्यंत बसले होते. पण त्या तासाभरात मी दोघा भावांच्या तोंडांकडेच पाहत राहिले होते. कासव काय म्हणालं, ते मी ऐकलंच नव्हतं.