दांडीवर दुसऱ्याचं पोर

सायकल खोलून पुन्हा जोडली की दोन छर्रे जास्तच उरतात, असं आमचा मेहबूब म्हणायचा. उरलेले छर्रे तो एका डब्यात टाकायचा. आमच्या तिघांचे किस्से असेच साठत गेले. कामाचे म्हणून कुणी ठेवले नाहीत, पण टाकून द्यायलाही हात होईना. आता डबा हलवला की वाजतो, एवढंच!

काळ निजामाच्या राज्यातला, तिकडं मोठं युद्ध चाललेलं. गाव नळदुर्ग. तिघं म्हणजे मी सिद्राम, पेठेत वडलांच्या किराणा दुकानात बसणारा. दुसरा मेहबूब, सायकली भाड्यानं देणारा. तिसरा ज्ञानू, गावाबाहेरच्या मळ्यातला. हा इतका उंच की सीटवर बसूनही त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकत.

जत्रेत दरवर्षी सायकलींची शर्यत असे, नळदुर्गहून जळकोट आणि परत. त्या वर्षी बक्षीस होतं नव्या टायर-ट्यूबची जोडी. युद्धामुळं रबर बाजारातून गायब झालेलं. माझ्या मागच्या टायरला एवढी ठिगळं होती की चाक दर फेऱ्याला एकदा उडी मारायचं. त्या जोडीसाठी मी काय वाटेल ते करायला तयार होतो.

सराव करायचा तर पहाटेच. आणि नेमकी पहाटेलाच आमची गिरिजा उठायची. वय दोन वर्षं. पार्वती, म्हणजे आमची मंडळी, तेव्हा जात्यावर नाहीतर पाण्याला. माझी आई जाऊन बरीच वर्षं झालेली. अप्पा, म्हणजे माझे वडील, लिंगपूजा होईपर्यंत कुणाला शिवत नसत. पार्वतीनं मला एका वाक्यात सांगितलं, "सायकल न्यायची आसंल तर पोरगी बी न्या."

न्यायला माझी ना नव्हती. पण उचलायची कशी?

वडील घरात असताना आपल्या पोराला उचलायचं नाही, ही तेव्हाची रीत. दुसऱ्याचं पोर खांद्यावर घेऊन गावभर नाचवा, कुणी काही म्हणणार नाही. आपलं समोर आलं की नजर आढ्याकडं. अप्पांनी स्वतः ती पाळलेली. आमचे आजोबा होते तोवर त्यांनी मला कधी घेतलं नाही. आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, म्हणजे कडेवर घेण्याच्या पलीकडचा. राहिलं ते राहिलंच.

मेहबूबच्या आणि ज्ञानूच्या घरीही हीच रीत, वडील दोघांचेही हयात. मग मेहबूबनंच तोड काढली. पहाटे तो आमच्या दारात यायचा आणि गिरिजाला दांडीवर बसवायचा. मी मळ्यात जाऊन ज्ञानूचा विठू उचलायचा. ज्ञानूनं मेहबूबचा चांद घ्यायचा. वेशीबाहेर चिंचेखाली ज्याचं त्याला परत द्यायचं, असं ठरलेलं.

पहिल्या दिवशी दिलंही. तिन्ही पोरांनी असा गळा काढला की चिंचेवरचे बगळे उठले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बदलाबदल बंद केली.

•

आठवड्यात कुरकुर सुरू झाली. मेहबूब रोज पुढं जायचा आणि वर आम्हालाच शिकवायचा. माझं म्हणणं, त्याच्या दांडीवर गिरिजा म्हणजे चिमणी. माझ्या दांडीवर विठू, जो भाकरी खात नसे, भाकरीची चळत खात असे. अशानं कोण वेगात आहे हे कळणार कसं?

"मोज की मग," मेहबूब म्हणाला. "तराजू तर तुमचाच हाय."

अप्पा आत पूजेला बसलेले. आम्ही दुकानाची एक फळी काढून आत शिरलो आणि मोठ्या तराजूत पोरं बसवली. विठू भरला पंधरा शेर. त्यातही पारड्यात बसल्या बसल्या त्यानं शेजारच्या ढेपेतला गूळ तोंडात कोंबला होता, तो वेगळा. चांद बारा, गिरिजा दहा. हिशोब सरळ होता. फरकाची वजनं कॅरिअरला बांधायची. मेहबूबच्या मागं पाचशेरी बांधली, ज्ञानूच्या मागं बाकीची, आणि निघालो.

परतायला उशीर झाला, कारण चांदला वाटेत पाच वेळा उतरायचं होतं आणि पाचही वेळा काहीच झालं नाही. दुकानासमोर ही गर्दी. अप्पा गादीवर बसलेले, समोर गिऱ्हाईक ज्वारीचं पोतं उघडं धरून उभं. अप्पा रागावले की कानडीत बोलत. फार रागावले की गप्प बसत. त्या दिवशी त्यांनी मला कानडीत विचारलं की पाचशेरी कुठं आहे.

मी रस्त्याकडं बोट केलं. "येतीय."

मेहबूब अजून अर्धा मैल मागं होता.

•

विठूला आणखी एक खोड लागली. दांडीवर बसून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकली की त्याला झोप यायची, आणि नंतर तर टिकटिक ऐकल्याशिवाय ती येईनाच. दुपारी ज्ञानूची बायको त्याला थोपटून थोपटून दमायची. शेवटी तिनं नवऱ्याला फर्मावलं. ज्ञानूनं सायकल ओसरीवर उलटी ठेवली आणि पायडल हातानं उलटं फिरवायला सुरुवात केली. पोर झोपलं. थांबला की उठलं. असं महिनाभर, दररोज तास तास.

शर्यतीच्या पंधरा दिवस आधी आम्ही एकमेकांची तयारी बघत होतो. ज्ञानूच्या पोटऱ्या होत्या तशाच काटकुळ्या. दंड मात्र तालमीतल्या पैलवानाचे. मेहबूबनं ते चाचपून बघितले आणि म्हणाला, "तू शर्यतीत सायकल उचलूनच पळ."

•

एकदा हौस म्हणून सोलापूरच्या रस्त्यानं निजामाची हद्द संपते तिथपर्यंत गेलो. तिथं जकातीचा नाका. बाकावर एक म्हातारा शिपाई बसलेला. तीन सायकली, तीन बाप्ये आणि तीन पोरं एवढ्या सकाळी बघून तो उठलाच.

"ये बच्चा किसका?" त्यानं विठूकडं बोट करून मला विचारलं.

मी ज्ञानूकडं बोट केलं. मग ज्ञानूपाशी असलेला कुणाचा? मेहबूबचा. आणि मेहबूबपाशी असलेली? ती माझी. शिपायानं सायकली एका ओळीत उभ्या करायला लावल्या आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. उत्तरं तीच आली. तेव्हा तो बाईमाणसाच्या मऊ आवाजात गिरिजाला म्हणाला, "बेटी, तुझा बाप कोन गं?"

गिरिजानं मान वळवली आणि मेहबूबची दाढी धरली.

मग ज्ञानूनं त्या शिपायाला सगळी रीत समजावली. शिपाई ऐकता ऐकता सैल पडला. बाकावर बसला आणि म्हणाला, त्याचे अब्बा नव्वदीचे आहेत, अजून दिसतं त्यांना. त्यामुळं त्यानं चारही पोरं अशीच लांबून वाढवली. आम्हाला त्यानं हातानंच जा म्हटलं.

मेहबूब आणि ज्ञानू नळदुर्ग येईपर्यंत हसत होते. मीही हसलो. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही, हे खरं आहे. शर्यत जिंकायची होतीच, पण त्या दिवसापासून मला दुसरंच काहीतरी हवंसं झालं. पोरीनं एकदा तरी माझ्याकडं यावं.

•

पार्वतीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिला तुमी दुकानातलं गडी वाटताव."

मी ते मनावर घेतलं. एका दुपारी अप्पा बाहेर गेले होते. मी माजघरात उकिडवा बसलो, दोन्ही हात पसरले आणि हळूच हाक मारली. गिरिजा दारात उभी राहिली. माझ्याकडं बघून तिनं खूप विचार केला. मग आत पळाली. मी हात तसेच पसरून बसलो. हसू नका.

ती परत आली ती हातात वाटी घेऊन. वाटी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "गूळ."

•

शर्यतीचा दिवस. शेवटची रेघ चुन्यानं आखलेली, आमच्या दुकानाच्या जरा पुढं. दुकानाच्या पायरीवर अप्पा बसलेले, मांडीवर गिरिजा. नातीला घ्यायला आजोबांना रीत आडवी येत नव्हती. ते तिच्याशी काय काय बोलत, तिचे तळपाय गालाला लावत. मी ते नेहमी बघायचो आणि बघितलं नाहीसं करायचो.

जळकोटहून परतताना मी पुढं होतो. ठिगळांचं चाक उड्या मारत होतं, पण पळत होतं. पंधरा शेरांचा विठू दोन महिने ओढल्यावर रिकामी सायकल म्हणजे वाराच. मेहबूब माझ्या मागं दोन हातांवर. पेठेत शिरलो. रेघ दिसली. टायर-ट्यूबची जोडी पाटलांच्या हातात दिसली, काळीभोर, वर गुलाल.

एवढ्यात गिरिजाला मेहबूब दिसला. अप्पांच्या मांडीवरून ती घसरली आणि "मेबूमामा" करत थेट रस्त्यावर, माझ्या चाकाच्या बाजूनं मेहबूबकडं. अप्पा उठले, धोतरात अडखळले.

माझा ब्रेक म्हणजे जुन्या वहाणेचा तुकडा. त्याच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. मी हँडल सोडलं, मागं उडी टाकली आणि धावत जाऊन पोरीला उचललं. मेहबूब आमच्या अंगाला वारा लावून पुढं गेला.

पण माझी सायकल थांबली नव्हती. माणूस उतरल्यानं तिला जास्तच हलकं वाटलं असावं. ती एकटीच पंधरा-वीस पावलं नीट सरळ गेली, मेहबूबच्या आधी रेघ ओलांडली आणि मग शांतपणे आडवी झाली.

पाटलांपुढं मोठा पेच. दोन पंच म्हणाले, शर्यत सायकलींची आहे, पहिली सिद्रामची सायकल आली. दोघं म्हणाले, मग सिद्राम कुठाय? शेवटी पाटलांनी निवाडा दिला. "पुढच्या साली सायकली एकट्याच सोडू. औंदा ज्याच्यावर मानूस व्हता, त्यो पयला." जोडी मेहबूबला मिळाली. त्यानं ती त्याच दिवशी चढवली, आणि मला त्यातलं काही देऊ केलं नाही. देऊ केलं असतं तर मला आवडलं नसतं. तो म्हणाला, "लोकं म्हनत्यात सिद्राम थांबला म्हून मी आलो. म्हनू दे. हवा तर माझ्याच टायरात हाय."

मला यातलं बरंच नंतर कळलं. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. पेठ एकदम गप्प का झाली ते मला समजेना. मग ध्यानात आलं की गिरिजा माझ्या कडेवर आहे आणि समोर चार हातांवर अप्पा उभे आहेत.

गिरिजानं माझं तोंड जवळून बघितलं. इतक्या जवळून तिनं ते कधी बघितलं नव्हतं. मग सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गूळ?"

लोक हसले. तिनं माझ्या गळ्यात हात टाकला. ती खाली उतरायला तयार होईना आणि खरं सांगायचं तर मीही उतरवली नाही. अप्पा मागं वळले आणि दुकानात जाऊन बसले. कानडीत काही बोलले नाहीत. मराठीतही नाही.

•

आठ दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. फार रागावले की गप्प बसत, हे मी वर सांगितलंच आहे. पार्वती तेवढी नेहमीसारखी भाकरी थापत होती.

शर्यत संपली तरी पहाटेचं फिरणं पोरांनी आम्हाला सोडू दिलं नव्हतं. नवव्या दिवशी पहाटे मेहबूब सवयीनं आमच्या दारात आला. बघतो तर अप्पा ओट्यावर उभे. पूजा उरकलेली, कपाळी भस्म, डोक्याला पटका बांधलेला. एवढ्या लवकर त्यांची पूजा झालेली मी कधी पाहिली नव्हती.

ते मेहबूबला म्हणाले, "आज तू जा. तिचा बाप हाय की घरात."

मेहबूब घंटी न वाजवता गेला. मी गिरिजाला उचललं. अप्पांनी आढ्याकडं बघितलं नाही, आमच्याकडंच बघत राहिले. मी तिला दांडीवर बसवलं.

"मला बी जळकोटला जायचंय," अप्पा म्हणाले.

बैलगाडी अंगणात होती. बैल चारा खाऊन उभे होते. मी गाडीकडं बघितलं, अप्पांनी बघितलं नाही. सायकलीला सैतानाचं घोडं म्हणणारा माणूस धोतर सावरून कॅरिअरवर बसला.

चिंच मागं पडेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी सीटच्या स्प्रिंगा धरल्या होत्या. मग उतार लागला. पुढं गिरिजानं घंटी वाजवायला सुरुवात केली, सायकलनं वेग घेतला, आणि अप्पांचे हात माझ्या कमरेला आले.

उतार संपला. सपाटी आली, चढ आला, चढावर सायकल माणसाच्या चालीनं चालायला लागली. जळकोटची वेस दिसली. हात तिथंच होते.